संत्र्याच्या गाडीवाल्यांनो, आभार!

चिखलदऱ्याचा घाट उतरताना सायकलवरून पडलो, कमरेचा पहिला मणका मोडला. रेंज नाही, १०८ लागेना. संत्र्याच्या गाडीवरची माणसं थांबली. पडलेल्याला बसवून पाणी पाजायची आपल्याकडे भारी घाई, पण त्यांतला एक म्हातारा ओरडला, "उठवू नका रे त्याले, कंबर हालली नाही पायजे!" मान-पाठ एका रेषेत धरून त्यांनी मला कुशीवर वळवलं, खाली फळी सरकवली, दुपट्ट्यांनी बांधलं. परतवाड्यापर्यंत गाडी इतकी हळू आणली की मीच वैतागलो! मज्जारज्जू त्यामुळे वाचला, असं डॉक्टर म्हणाले. नावं विचारायचं भान नव्हतं. आता पट्टा सुटलाय, घरात स्टँडवर पेडल मारतो. भाऊहो, मनापासून आभार. दुपट्टे माझ्याकडेच राहिलेत. मृग बहाराची गाडी घेऊन याल तेव्हा चहाला थांबा.