पहाटेची डोकेदुखी पित्तावर ढकलू नका

संपादक महोदय,

माझा १९ वर्षांचा पुतण्या तालमीत जातो. गेल्या वर्षी पहाटे उठल्यावर त्याचे डोके ठणकायचे, उलटी झाली की जरा हलके वाटायचे, आणि जोर मारताना मान खाली गेली की दोन्ही हातांनी डोके धरून तो आखाड्याच्या कडेला बसायचा. वस्तादांनी खुराक कमी करायला सांगितले, घरी आम्ही कोकम सरबत देत राहिलो आणि एका दवाखान्यातून चार महिने पित्ताच्याच गोळ्या मिळाल्या. शेवटी चष्म्याचा नंबर काढायला नेले, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून आतला पडदा पाहिला आणि डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला सूज आहे, डोक्यातला दाब वाढला की अशी सूज येते, आजच्या आज मेंदूचा स्कॅन करा, असे सांगितले.

स्कॅनमध्ये कोलॉइड सिस्ट निघाली. ही गाठ कर्करोगाची नसते, पण मेंदूतले पाणी ज्या अरुंद वाटेने पुढे वाहते तिच्या तोंडाशीच ती बसते. हे पाणी दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने तयार होते. त्यामुळे वाट बुजली की दाब झपाट्याने वाढतो आणि क्वचित माणूस अचानक दगावतोही. पुतण्याची गाठ दुर्बिणीतून काढली आणि तो आज ठणठणीत आहे.

मात्र सिस्ट म्हटले की शस्त्रक्रिया, असेही नाही. आमच्या शेजारची मुलगी गाडीवरून पडली, म्हणून केलेल्या स्कॅनमध्ये अरॅक्नॉइड सिस्ट, म्हणजे मेंदूच्या आवरणातली पाण्याची पिशवी, दिसली आणि घरात रडारड झाली. अशा गाठी बहुधा जन्मजात असतात आणि बहुतेकांना त्यांचा कधीच त्रास होत नाही. डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा एमआरआय करून आकार पाहणे एवढेच अनेकदा पुरते. म्हणून रिपोर्टमधल्या एका शब्दावर धास्ती न घेता फिल्म न्यूरोसर्जनना दाखवावी, आणि ती जपून ठेवावी, कारण पुढची तुलना तिच्याशीच होते.

चंदगड किंवा गगनबावड्याच्या मुलाला कोल्हापूर गाठण्यातच दिवस जातो. त्यामुळे डोळ्याचा पडदा पाहण्याचे उपकरण आणि ते वापरता येणारा डॉक्टर प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असावा, आणि पहाटे डोके दुखून उलटी होणाऱ्या तरुणाची ही तपासणी गोळ्या लिहून देण्याआधी व्हावी, अशी आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे. पडद्यावर सूज नसली तरी दुखणे हटत नसेल, तर स्कॅन लांबवू नये.

आपला,
एक पालक, मंगळवार पेठ, कोल्हापूर