सायकली वाटून झाल्या, आता पंक्चरचं पाहा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

ऑफिसातल्या लोकांनी टीम बनवायची, 24 तास आळीपाळीनं सायकल चालवायची आणि किलोमीटरमागे लोकांकडून पैसे घेऊन ते चांगल्या कामाला द्यायचे, असल्या चॅलेंजच्या बातम्या आजकाल पेपरात दिसतात. फोटो पण मस्त असतात, एकसारखे टीशर्ट, हिरवी झेंडी, साहेब मधात. वाचून बरंच वाटतं. पण त्या पैशातून बहुतेक वेळा गरीब मुलींना नव्या सायकली वाटतात आणि सहा महिन्यांनी त्या सायकली कुठं आहेत हे पाहायला कोणी जात नाही, म्हणून हे पत्र.

मी एका पतसंस्थेत कॅशियर आहे. आमच्या स्टाफनंही जानेवारीत हे केलं. विदर्भाला हे काही नवीन नाही म्हणा, बाबा आमट्यांच्या 1985 च्या भारत जोडोत पोरं-पोरी कन्याकुमारीपासून काश्मीरकडे सायकलवर निघाले होते, आणि आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी 2017 मध्ये रेस अक्रॉस अमेरिका एकट्यानं पूर्ण केली, जवळपास 4,800 किलोमीटर, तेही 12 दिवसांच्या आत. आम्ही कुठं तसले. पण त्याच रेसमध्ये टीमवाले जसं करतात तसं आम्ही केलं, एक जण रस्त्यावर, बाकीचे मागच्या पिकअपमध्ये, अर्ध्या तासानं बदली. त्यानं काय होते की दमलेला माणूस सायकलवर राहतच नाही, स्पीड पडत नाही, आणि आमचे पन्नाशीतले शिपाई भाऊ सुद्धा पोट्ट्यांच्या बरोबरीनं चालवतात. वसुलीवाल्या दादांची पाळी रात्री एका गावातून होती तर दोन-तीन घरांचे दारं पटापट लागले, ते वेगळंच.

रस्ता परतवाडा, अंजनगाव, दर्यापूर, मूर्तिजापूर आणि तसंच परत, म्हणजे शकुंतला रेल्वे जिकडून जायची तोच पट्टा. शकुंतला बंद पडली, एसटीचा भरवसा नाही, त्यामुळे इथल्या मुलींना शाळेत जायला सायकलच. पिण्याचं पाणी आम्ही कॅनमध्ये घेऊन निघालो कारण पुढं खारपाणपट्टा आहे, जमिनीतलं पाणीच खारं. काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता, पावसात माती फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, रस्ता लाटेसारखा वरखाली होतो, मनगटं गेली कामातून. त्याचा पण त्रास नाही वाटला एवढा पंक्चरचा वाटला. बाभळीचे काटे आणि सराटे! दर्यापूरच्या पुढं सोबतच्या ट्यूबा संपल्या तेव्हा एका गावातल्या सायकल मिस्त्रीला रात्री उठवलं.

त्यानं घमेल्यात पाणी घेतलं, ट्यूब दाबत दाबत फिरवली, बुडबुडे आले तिथं खूण केली. पण पॅच लावायच्या आधी टायर उलटा करून आतून बोट फिरवत राह्यला बराच वेळ, मग पक्कडनं काट्याचं मोडलेलं टोक ओढून काढलं, तांदळाच्या दाण्याएवढं. म्हणे, "ताई, काटा टायरातच राह्यते, वरून पंक्चर काढून काय फायदा, सकाळी पुन्हा हवा गुल." त्याच्या टपरीमागं मुलींच्या सायकली एकाला एक टेकवून ठेवल्या होत्या, सगळ्या वाटपातल्या, काहींच्या सीटवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. मी विचारलं ह्या इथं काहून? "बाप म्हणते कापूस विकल्यावर नेतो. टायर-ट्यूब दोन्ही लागते ना."

सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते, चांगली योजना आहे, दानशूर लोकही देतात. पण नंतर आम्ही रस्त्यावरच्या ज्या शाळांत विचारलं तिथं दुरुस्तीसाठी म्हणून वेगळा पैसा कोणाकडंच नव्हता. सायकल घरात उभी, पोरगी पायी, किंवा मग घरीच.

मग जमलेला पैसा नव्या सायकलींना द्यायचा की दुरुस्तीला, यावरून आमची ऑफिसात चांगलीच जुंपली. मॅनेजर साहेब म्हणाले पंक्चरच्या पैशाचा फोटो कसा काढायचा? प्रश्न खरा आहे, ज्यांनी पैसे दिले त्यांना काहीतरी दाखवावं लागते. शेवटी ठरलं असं की मुख्याध्यापकांनी चिठ्ठी द्यायची, गावातल्याच मिस्त्रीनं काम करून वहीत लिहायचं आणि महिन्याच्या शेवटी आम्ही वही पाहून त्याचे पैसे द्यायचे. एका नव्या सायकलीच्या पैशात कितीतरी जुन्या रस्त्यावर येतात, आणि मिस्त्रीलाही काम मिळते. जिच्याकडं सायकलच नाही तिला नवीनच द्या, त्याला कोण नाही म्हणते.

आयोजकांना अजून एक सांगणं आहे, राइड गावातून न्या. समृद्धीवर तर सायकलला बंदीच आहे, पण 53 नंबरच्या हायवेवर ट्रकांच्या बाजूनं चालवून तरी काय दिसणार? त्याच हायवेचा अमरावती-अकोला मधला 75 किलोमीटरचा पट्टा जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड झाला, अभिमान आहेच, पण तिथून खाली उतरून शाळेकडं जाणाऱ्या रस्त्यावर एकदा चालवून पाहा म्हणजे पैसा कुठं लागते ते कोणी सांगावं लागणार नाही.

आणि सगळा पैसा जानेवारीतच वाटून मोकळे होऊ नका. आपल्या विदर्भात उन्हामुळं शाळा जूनच्या शेवटी-शेवटी उघडतात, तोवर अंगणात उभ्या सायकलींचे टायर तडकून जातात, ट्यूब चिकटून बसते, आणि नेमका तेव्हाच घरात बी-बियाण्याचा खर्च असतो. निदान अर्धी रक्कम तेव्हासाठी राखून ठेवा, शाळा उघडायच्या आठवडाभर आधी मिस्त्रीला शाळेच्या आवारात बसवा आणि गावात दवंडी द्या की ज्यांच्या सायकली बंद आहेत त्यांनी घेऊन या.

आपली,
पतसंस्थेतील एक कर्मचारी, ता. दर्यापूर