थाळीफेकीच्या सगळ्या फेकी छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपला पेपर आमच्या घरी तीसेक वर्षं येतोय आणि मी तो आधी खेळाच्या पानापासूनच वाचते, बाकीची पानं चहा झाल्यावर. मी सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातल्या एका शाळेत ३१ वर्षं पी.टी. शिकवली, आता रिटायर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोला जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा झाली तेव्हा महिलांच्या थाळीफेकीची बातमी आपल्याकडे शेवटच्या कॉलमात, सगळ्यात खाली, एका ओळीत आली, आणि त्या एका ओळीतही जिंकलेल्या अमेरिकेच्या व्हॅलरी ऑलमनला ‘गोळाफेकपटू’ लिहिलं होतं. दोन-तीन दिवस वाटत होतं की दुरुस्ती छापतील, ती काही आली नाही, मग म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

चूक एका शब्दाची आहे हे मला कळतं. पण त्या ओळीत काय काय राहून गेलं ते सांगते. ऑलमनकडे ऑलिम्पिकची दोन सुवर्णं होती, टोकियो आणि पॅरिस, पण जागतिक स्पर्धेचं सुवर्ण तिला कधी मिळालंच नव्हतं. २०२२ ला युजीनमध्ये ब्राँझ, २०२३ ला बुडापेस्टमध्ये सिल्व्हर. बुडापेस्टला तर तिनं ६९.२३ मीटर टाकलेली, आणि तिच्याच देशाची लाउलाउगा तौसागा, जिची तोपर्यंतची आयुष्यातली बेस्ट फेक ६५.४६ होती, तिनं पाचव्या राउंडला एकदम ६९.४९ टाकली आणि सुवर्ण घेऊन गेली. याच तौसागाची त्या दिवशीची दुसरी फेक होती ५२.२८! एकाच पोरीची, एकाच संध्याकाळची, ५२ आणि ६९. ते सगळं पचवून ऑलमन परत आली आणि ज्या स्टेडियममध्ये २०२१ ला ऑलिम्पिक जिंकली त्याच स्टेडियममध्ये ६९.४८ टाकून अखेर जगज्जेती झाली. एवढी मोठी गोष्ट हातात असताना आपण ‘गोळाफेकपटूला सुवर्ण’ एवढंच छापलं.

माझं म्हणणं एकच आहे. थाळीफेकीत नुसतं पदक आणि मीटर छापून वाचणाऱ्याला काही कळत नाही, सगळ्या फेकी छापा. पहिली किती, दुसरी किती, कुठली फाऊल. भालाफेकीचं तुम्ही हे करताच की, त्याच टोकियोच्या स्पर्धेत नीरज चोप्रा ८४.०३ वर आठवा राहिला आणि आपला सचिन यादव ८६.२७ टाकून चौथा आला, तर त्यांची एकूणएक फेक चौकटीत आली होती, मी स्वतः वाचली आणि मला बरं वाटलं. आता आमच्या पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांनासुद्धा भाल्यातला फाऊल कळतो. म्हणजे तुम्ही शिकवलं की लोक शिकतात. मग तेच थाळीचं का होऊ नये?

मी शाळेत असताना पेपरातलं कात्रण कापून वार्ताफलकावर लावायचे. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीला कॉमनवेल्थ झाली, त्यात ११ तारखेला महिलांच्या थाळीफेकीत तिन्ही पदकं आपली आली. कृष्णा पूनिया ६१.५१, हरवंत कौर ६०.१६, सीमा अंतिल ५८.४६. मिल्खा सिंग १९५८ ला कार्डिफमध्ये जिंकले त्यानंतर ५२ वर्षांनी ॲथलेटिक्सचं सुवर्ण, आणि बायकांमध्ये तर पहिलंच. तिघींचा तिरंगा घेतलेला फोटो मी फळ्यावर लावला तर मुलींनी विचारलं, बाई ६१.५१ म्हणजे केवढं? टेप काढली, आमच्या वर्तुळापासून मोजत गेलो, तर ग्राउंड संपलं, कंपाउंडची भिंत आली, भिंतीपलीकडे एक मुलगी उडी मारून टेपचं टोक घेऊन गेली तेव्हा कुठे ६१.५१ भरलं, अगदी एस.टी.च्या रस्त्याला लागून. तिथे एक दगड रोवून त्याला चुना लावला आणि तो दगड पुढे कित्येक वर्षं ‘कृष्णाचा दगड’ म्हणून होता. आमच्या मुलींची बेस्ट तेव्हा २४ मीटरच्या आसपास. पण दगड दिसत होता ना.

आमचं वर्तुळ म्हणजे मातीत खुंटी ठोकायची, सव्वा मीटरची सुतळी बांधायची आणि फक्कीनं गोल आखायचा, की झालं अडीच मीटरचं वर्तुळ. थाळी एक किलोची, लाकडी, कडेला लोखंडी पट्टी, एक पावसाळा झाला की लाकूड फुगायचं. ज्वारी उभी असली की थाळी रानात जायची आणि अर्धा तास शोधण्यात. काही घरांतून निरोप यायचे की पोरीला गरागरा फिरायला लावू नका. मी त्या आयांना शाळेत बोलवून वर्तुळात उभं करायचे आणि दाखवायचे की ताकद दंडात नाही, पायात आणि कमरेत आहे, तुम्ही जात्यावर दळता तसं अंग खालून वळतं आणि हात सगळ्यात शेवटी येतो. ते त्यांना लगेच पटायचं. ऑलमन लहानपणी डान्स शिकायची हे मला फार नंतर कळलं, आधी कळलं असतं तर तेही सांगितलं असतं.

आता फाऊलचं. हे मला जरा सविस्तर लिहू द्या कारण सगळं इथेच आहे. थाळी सुटल्यावर तोल पुढे जातो, पाय रिंगच्या बाहेर पडला की फाऊल, थाळी सेक्टरच्या, म्हणजे आखलेल्या दोन रेषांच्या बाहेर पडली की फाऊल, आणि फेकून झाल्यावर पुढच्या अर्ध्या भागातून बाहेर आलात तरी फाऊल, मागूनच यावं लागतं. नवीन मुलगी चांगली लांब टाकते, आनंदात पुढे पळते आणि फेक वाया जाते, असं तालुक्याला दरवर्षी बघितलंय. दोन फाऊल झाले की मुली रडायला लागतात, तिसरी फेक घाबरत घाबरत उभ्यानंच टाकतात. २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये क्रोएशियाच्या सांड्रा पेर्कोविचच्या फायनलमधल्या पहिल्या दोन्ही फेकी फाऊल होत्या. तेव्हाच्या नियमानं तीन फेकींनंतर पहिल्या आठ जणींनाच पुढच्या तीन मिळायच्या, म्हणजे तिसरी गेली असती तर २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकची विजेती तिथेच बाहेर. तिनं तिसरी टाकली ६९.२१ आणि त्यावरच सुवर्ण. मला हे पेपरातून कळलं नाही, दोन वर्षांनी भाच्यानं मोबाइलवर दाखवलं. पेपरात होतं ‘पेर्कोविचला सुवर्ण, ६९.२१’. ती दोन फाऊलची ओळ मला तेव्हा फळ्यावर लावायला मिळाली असती तर त्या वर्षी जिल्ह्याला दोन फाऊलवर रडणाऱ्या माझ्या मुलीला मी ती दाखवली असती. तिनं त्यानंतर खेळ सोडला. त्या कात्रणानं ती खेळात टिकली असतीच असं नाही, पण माझ्या हातात काहीतरी असतं.

आणि कमलप्रीत कौर. ३१ जुलै २०२१ ची सकाळ मी विसरणार नाही. टोकियो ऑलिम्पिकच्या क्वालिफिकेशनला ६०.२९, मग ६३.९७, मग बरोबर ६४.००, म्हणजे थेट पात्र व्हायला जेवढं लागतं तेवढंच, सेंटिमीटरही कमी नाही. सगळ्या जगातून फक्त दोघींनी ती रेषा गाठली, ऑलमन आणि पंजाबची ही मुलगी. (१९२८ ला ॲमस्टरडॅममध्ये ऑलिम्पिकनं बायकांना ॲथलेटिक्समध्ये पहिल्यांदा उतरू दिलं तेव्हा पहिलं सुवर्ण थाळीफेकीचंच होतं, पोलंडची हालिना कोनोपाच्का, ३९.६२ मीटर, आणि तारीख हीच, ३१ जुलै.) २ ऑगस्टला दुपारी साडेचारला फायनल. ऑलमननं पहिल्याच फेकीला ६८.९८ टाकून विषय जवळपास संपवला, मग दुसऱ्या राउंडमध्ये पाऊस आला. सिमेंटची रिंग ओली झाली की चवड्यावर फिरताच येत नाही, चांगल्या चांगल्या घसरल्या, तासाभर खेळ थांबला. कमलप्रीतच्या फेकी अशा : ६१.६२, फाऊल, ६३.७०, फाऊल, ६१.३७, फाऊल. सहावी आली. दुसऱ्या दिवशी सगळीकडे ‘पदक हुकलं’. अहो, पहिल्याच ऑलिम्पिकला, ओल्या रिंगवर, पेर्कोविचलाही ६५.०१ टाकून चौथ्या नंबरवर राहावं लागलं त्या फायनलमध्ये आपली मुलगी सहावी आली, लंडनला कृष्णा पूनियानं ६३.६२ टाकली होती त्याच्याही पुढे, याला हुकणं म्हणतात का? त्या सहा फेकी बघितल्या की कळतं की ती एक फेक जमवायची, पुढची जोर लावून फाऊल करायची, परत जमवायची. म्हणजे ती सेफ खेळली नाही, तिनं पदकासाठीच टाकलं.

पुढे काय झालं तेही लपवायचं नाही. २०२२ मध्ये ती डोपिंगमध्ये सापडली, स्टॅनोझोलॉल नावाचं बंदी असलेलं स्टेरॉइड, तिनं मान्य केल्यामुळे चारऐवजी तीन वर्षांची बंदी आली. मला ती बातमी वाचून घरातलं कोणी गेल्यासारखं झालं होतं. चूक ती चूक, शिक्षा झाली ते योग्यच. पण ती बातमी मोठी आली आणि ते स्टेरॉइड प्रोटीनच्या सप्लिमेंटमधून आल्याचं प्रकरण होतं हे कुठेतरी आत, त्यावर पुढे काहीच नाही. आता तालुक्याच्या गावात जिमच्या बाजूला हे प्रोटीनचे डबे मिळतात, मुलींचे भाऊ घरी आणून देतात, डब्यात काय आहे कोण बघतं? त्यावर एक पूर्ण पान छापा, कुठल्याही पदकापेक्षा ते जास्त उपयोगाचं आहे. आणि सीमा पूनिया, म्हणजे दिल्लीतली ती सीमा अंतिलच, २००६ पासून २०१८ पर्यंत चारही कॉमनवेल्थमध्ये पदक, २०१४ ला आशियाई सुवर्ण, आणि २०२३ ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत वयाच्या ४० व्या वर्षी ५८.६२ टाकून ब्राँझ. चाळिशीत! माझ्या जुन्या विद्यार्थिनी आता पस्तिशीत आहेत आणि आमचं वय झालं म्हणतात, त्यांना मी हे फोन करून सांगितलं.

तर माझी विनंती एवढीच आहे की २०२६ च्या आशियाई स्पर्धा जपानलाच, आयची-नागोयाला आहेत. थाळीफेकीत आपली जी कोणी मुलगी असेल ती पहिली येवो नाहीतर आठवी, तिला जेवढ्या फेकी मिळतील तेवढ्या सगळ्या छापा, फाऊलच्या जागी फुली टाका, पाऊस होता का, वारा समोरून होता का तेही एका ओळीत लिहा, कारण थाळी समोरच्या वाऱ्यावर लांब तरंगते आणि पाठीमागच्या वाऱ्यानं लवकर खाली बसते. शाळेत आता नव्या बाई आल्यात, तरुण आहेत, हौशी आहेत. त्यांच्याशी माझं बोलणं झालंय, वार्ताफलकाचा खालचा कोपरा त्या रिकामा ठेवणार आहेत. कात्रण मी नेऊन देईन.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
ता. माण, जि. सातारा