फोरो बेटावरून आल्यावर

स्टॉकहोम, जुलै

ती. नानामामा,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, स्वीडनचा सिनेमा दिग्दर्शक इंगमार बर्गमन, त्याचं नाव निघालं की तुमचंच सुरू होतं. म्हणून पत्र.

त्याच्या फोरो बेटावर जाऊन आलो. बोटीनं गॉटलंड बेटावरचं विस्बी, तिथून गाडीनं फोरोसुंड, मग फेरीत गाडी चढवली की काही मिनिटांत पलीकडे. फेरी फुकट! बेटावर माणसं जेमतेम ५००. बाकी मेंढ्या, दगडी गडगे आणि किनाऱ्यावर चुनखडीचे सुळके.

बर्गमन १९६० साली इथं आला तो नाइलाजानं. त्याला चित्रीकरणासाठी स्कॉटलंडची ऑर्कनी बेटं हवी होती, ती निर्मात्यांना परवडेनात. आला आणि इथलाच झाला. हम्मार्सला घर बांधलं, म्हातारपणी कायमचा राहिला, २००७ मध्ये तिथंच गेला. बेटावरच डेम्बा इथल्या जुन्या गोठ्यात त्याचं १५ खुर्च्यांचं थिएटर होतं. रोज दुपारी ३ वाजता सिनेमा, आणि उशीर खपायचा नाही. (तुमच्यासारखंच.)

पर्यटकांनी घराचा पत्ता विचारला की बेटावरचे लोक ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. बड्या माणसाचा दरारा म्हणून नसावं हे. १९६९ मध्ये त्यानं कॅमेरा याच लोकांपुढे ठेवला होता. शेती परवडत नाही, पोरं बेट सोडून चाललीत, सगळं त्यांच्याच तोंडून. दहा वर्षांनी पुन्हा त्यांच्याकडे गेला. तुम्ही चिडाल, पण त्याच्या गाजलेल्या चित्रपटांपेक्षा मला हे दोन माहितीपट जवळचे वाटतात.

मृत्युपत्राप्रमाणे घरं विकायला निघाली. एका नॉर्वेजियन माणसानं ती घेतली, आता तिथं लेखक-कलावंत येऊन राहतात, काम करतात. जुन्या शाळेत बर्गमन सेंटर आहे. उन्हाळ्यात बर्गमन सप्ताह भरतो.

भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ वाचवायला कोल्हापूरकरांना रस्त्यावर उतरावं लागलं, ते तिथं सारखं आठवत होतं. वास्तूचं काय व्हायचं ते होईल, आपल्या हातात नाही. पण तिथं सेट ठोकणारे, दिवे धरणारे, कपडे शिवणारे कुणी म्हातारे अजून असतील ना? तुमची तर निम्म्या कोल्हापूरशी ओळख. चहाला बोलवा, बोलतं करा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. फक्त मध्ये मध्ये तुम्ही बोलू नका. मोबाइलचं जमलं नाही तर मामीला सांगा, तिला येतं.

मामीला नमस्कार.

तुमची,
केतकी