कोपऱ्यावरची भिंत आधी मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा ओसरला की आमच्या नेरुळच्या रो-हाउसच्या गल्ल्यांमध्ये गवंडीकाम निघतं. कुणाला गेट बदलायचं असतं, कुणाला कंपाउंडची भिंत ‘जराशी’ वर घ्यायची असते. आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या घराची भिंत अशीच जराशी वर गेली. त्यावर लोखंडी जाळी बसली आणि जाळीला आतून निळसर फायबरचा पत्रा ठोकला गेला. घर त्यांचं, पैसा त्यांचा, माझं काही म्हणणं नव्हतं. पण आता गल्लीतून बाहेर पडताना डावीकडून येणारा स्कूटरवाला मला दिसत नाही आणि मी त्याला दिसत नाही. दोघांची पुढची चाकं समोरासमोर आली की मगच ओळख पटते.

मी उभी हयात शहर बसच्या स्टेअरिंगवर काढली. बसच्या सीटवरून माणूस भिंतीवरून पलीकडे बघतो, त्यामुळे नोकरीत असताना या भिंतींचा त्रास कधी जाणवला नाही. निवृत्तीनंतर स्कूटरवर आलो आणि जग खाली आलं. नातवाला शाळेत सोडायला निघालो की प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवत जावं लागतं, आणि ज्यांच्या भिंतीमुळे वाजवतो तेच गॅलरीतून ‘काका, सकाळी सकाळी किती हॉर्न’ म्हणून ओरडतात.

याबाबत नियम नाही असं अनेकांना वाटतं. नियम आहे, आणि चांगला आहे. राज्याची एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, जिला बांधकामवाले यूडीसीपीआर म्हणतात, ती डिसेंबर २०२० मध्ये आली. मुंबई महापालिकेची हद्द आणि आणखी काही क्षेत्रं वगळता ती राज्यभर लागू आहे. ठाणं आणि नवी मुंबई तिच्यात येतात. तिच्यात लिहिलंय की खास परवानगी नसेल तर कंपाउंडची भिंत समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून दीड मीटरच्या वर न्यायची नाही. २.४ मीटरपर्यंत जायचं असेल तर वरचा ०.९ मीटरचा भाग आरपार दिसेल असा मोकळा हवा. आणि कोपऱ्याच्या भूखंडाला याहून कडक अट आहे: वळणापासून दोन्ही बाजूंना १० मीटरपर्यंत पक्की भिंत फक्त ०.७५ मीटर, वर पाहिजे तर तेवढंच रेलिंग. गेटसुद्धा आतल्या बाजूलाच उघडलं पाहिजे, रस्त्यावर नाही.

०.७५ मीटर म्हणजे साधारण अडीच फूट. पहिलीतलं पोर त्या भिंतीमागे उभं राहिलं तरी छातीपासून वर दिसतं. दीड मीटरच्या भरीव भिंतीमागे तेच पोर पूर्ण गडप होतं, आणि छोट्या गाडीत बसलेल्या ड्रायव्हरची नजर चार फुटांच्या आसपास असते, म्हणजे त्यालाही भिंतीशिवाय काही दिसत नाही. ताशी ३० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला आठ मीटर पुढे सरकते. दहा मीटर मोकळे ठेवले तर ब्रेकवर पाय जायला सेकंदभर मिळतो. हा आकडा कुणीतरी टेबलावर बसून उगाच लिहिलेला नाही, हे गाडी चालवणाऱ्याला सांगावं लागत नाही.

लबाडी होते ती वरच्या भागात. नकाशावर रेलिंग दाखवायचं, बसवायचंही रेलिंगच, आणि सगळं पास झालं की दिवाळीच्या सफाईत त्याला पत्रा किंवा हिरवं शेडनेट बांधून टाकायचं. विचारलं तर उत्तर तयार असतं, ‘भिंत कुठे वाढवलीय, नुसती जाळी तर आहे.’ ज्यांना पत्रा नको वाटतो ते कोयनेल लावतात. जिवंत कुंपण मला मनापासून आवडतं, गावी आमच्या गडग्याच्या कडेनेही होतं, पण जून ते सप्टेंबर त्याला कात्री लागली नाही तर ते डोक्याच्या वर जातं आणि वळणावर पत्र्याइतकंच आंधळं करतं. मध्यंतरी एका सार्वजनिक बागेच्या कोपऱ्यावर असंच रान माजलं होतं. कुंपणच शेत खायला लागल्यावर शेजाऱ्याला कोणत्या तोंडाने सांगायचं?

भिंत वाढवणारे सगळे आडमुठे असतात असं मात्र मी म्हणणार नाही. चोरीची भीती खरी आहे, भटक्या कुत्र्यांचा त्रास खरा आहे. आणि एक कारण असं आहे की त्यात घरमालकाचा काही दोष नाही. ते म्हणजे रस्ता. नवी मुंबईचा बराच भाग खाडीलगतच्या सखल जमिनीवर भराव टाकून वसवलेला, म्हणूनच भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायला धारण तलाव बांधावे लागले. अशा ठिकाणी रस्त्याची उंची जपून ठेवायची असते. पण जुना थर न खरवडता त्यावर नवा थर चढवायचा ही ठेकेदारांची सवय जुनी. आमच्या गल्लीत सुरुवातीला गेटमधून रस्त्यावर उतरायला पायरी होती. आता रस्त्यावरून गेटमध्ये उतरावं लागतं. जोराचा पाऊस लागला की गल्लीतलं पाणी सरळ अंगणात. मग माणूस काय करणार? गेटखाली उंबरठा बांधतो, उंबरठ्याला जुळवून भिंत वर घेतो, भिंत घेतलीच आहे तर वर जाळी, जाळी आहे तर पत्रा.

त्यात गंमत बघा. उंची मोजायची रस्त्याच्या मध्यरेषेपासून. म्हणजे रस्ता सहा इंच वर आला की काल बेकायदा असलेली भिंत आज कायद्यात बसते! आणि ज्याने नियमाप्रमाणे दीड मीटरवर थांबायचं ठरवलं होतं, त्याची भिंत अंगणातून उंच आणि रस्त्यावरून बुटकी. भिंतीची उंची तपासायला माणूस पाठवायचा असेल तर त्याच माणसाने रस्त्याची पातळीही वहीत लिहून घ्यावी, आणि डांबर टाकण्याआधी जुना थर खरवडल्याशिवाय ठेकेदाराचं बिल पुढे सरकू नये.

जुन्या भिंतीवर नवे थर चढवणं दिसण्यापुरतं वाईट नसतं, ते धोक्याचंही असतं. मूळ पाया चार-पाच फुटांच्या भिंतीसाठी घातलेला, भिंत साडेचार इंची, त्यावर आणखी तीन फूट ब्लॉक रचायचे, आतल्या बाजूला बागेसाठी माती भरायची आणि पाणी निघायला भोकं ठेवायची नाहीत. २९ जून २०१९ ला पुण्यात कोंढव्यात एका सोसायटीची कंपाउंड भिंत शेजारच्या मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ माणसं गेली. त्यानंतर तीनच दिवसांनी मालाडला जलाशयाच्या आवाराची कंपाउंड भिंत पडून त्याहून जास्त माणसं दगावली. आमच्या रो-हाउसच्या भिंती तेवढ्या मोठ्या नाहीत, मान्य. पण त्यांच्या बुडाशी इस्त्रीवाला बसतो, शाळेची पोरं रिक्षाची वाट बघत टेकतात. आमच्या गल्लीत भिंत वाढवणाऱ्या गवंड्याला मी पायाचं विचारलं तर तो हसला. म्हणाला, ‘काका, पाया कोण बघतंय, प्लास्टर गुळगुळीत पाहिजे.’

बेलापूरच्या सेक्टर ८ मध्ये आर्टिस्ट व्हिलेज आहे. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात ती वसाहत आखताना सात-सात घरं एका सामाईक चौकाभोवती ठेवली आणि दोन घरांत एक भिंत सामाईक ठेवली नाही, म्हणजे पैसे येतील तसं प्रत्येकाला आपलं घर वाढवता यावं. वाढवायला कुणाची ना नव्हती. तिथे जाणं झालं की मी चौकात जरा रेंगाळतो. बरीच घरं पाडून मोठी झालीत, तरी काही चौकांत अजून या दारातून त्या दारातलं माणूस दिसतं. पोरं खेळत असली तर ती कुणाच्या तरी नजरेत असतात. उंच भिंतीच्या आत चोर एकदा उतरला की बाहेरच्या कुणालाच तो दिसत नाही, हे सुरक्षेच्या नावाने पत्रे ठोकणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

माझी मागणी मोठी नाही. सगळ्या शहरातल्या भिंती मोजत बसायला कुणाकडे माणसं नाहीत, हे मलाही कळतं. महापालिकेच्या विभाग कार्यालयांनी निदान कोपऱ्याचे भूखंड घ्यावेत, तेही शाळेच्या वाटेवरचे आधी. पहिल्या फेरीत भिंत पाडायची गरज नाही, रेलिंगवरचा पत्रा आणि शेडनेट दहा मीटरपुरतं काढायला लावलं तरी निम्मं काम होतं. त्याला स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. सार्वजनिक बागा, शाळा, पंपहाउस यांचे कोपरे त्याच यादीत सगळ्यात वर असावेत. कोयनेलची छाटणी मे महिन्यात एकदा आणि श्रावणात एकदा व्हावी. आणि भिंतीच्या दुरुस्तीसाठी अर्ज आला की सोबत पाया आणि पाण्याची भोकं यांचा साधा कागद मागावा.

काही ठिकाणी रहिवाशांनी वर्गणी काढून वळणावर बहिर्गोल आरसे लावलेत. चांगलं आहे, पण पावसात त्या आरशावर थेंब जमतात आणि रात्री समोरच्या गाडीचा दिवा त्यात नुसता पसरतो. आमच्या वळणावरचा आरसा तर एका टेम्पोने मागे घेताना वाकवला, तो आता समोरच्या घराची गच्ची दाखवतो. नवा लावायला पुन्हा वर्गणी काढायची चर्चा चालू आहे. मी पैसे देईन, पण त्याआधी कोपऱ्यावरच्या घरी जाऊन तो निळा पत्रा तेवढा काढा म्हणून सांगणार आहे. नियमाच्या पानाची झेरॉक्स काढून ठेवलीय.

आपला,
एक निवृत्त बसचालक, नेरुळ, नवी मुंबई
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)