रेट्रोफिट मशीनवरील सबरूटीन फाइल्सच्या चुकीच्या मांडणीबाबत तक्रार

प्रति,
सर्व्हिस मॅनेजर,
रेट्रोफिट विभाग

महोदय,

वाळूज एमआयडीसीतल्या आमच्या शॉपमधील जुन्या मिलिंग मशीनचे रेट्रोफिट करून, म्हणजे जुन्या मशीनवर नवी यंत्रणा चढवून, आपण लिनक्ससीएनसी हा संगणकावर चालणारा कंट्रोल बसवून दिला. मोटर, ड्राइव्ह, वायरिंग यांबद्दल काही म्हणणे नाही, काम चोख आहे. तक्रार फाइल्सची आहे.

फ्लँजवर पीसीडीची, म्हणजे एका वर्तुळावरची, भोके पाडणारे सबरूटीन (मुख्य प्रोग्राम नावाने कॉल करतो तो वेगळ्या फाइलमधला छोटा प्रोग्राम) आपल्या इंजिनिअरने जॉब पकडायच्या नव्या फिक्स्चरसाठी सुधारून दिले होते. परवा सेकंड शिफ्टला तोच जॉब लावला, तर ड्रिल एका भोकाकडून दुसऱ्याकडे जाताना क्लँपवर आदळून तुटले. स्क्रीनवर एकही एरर नाही! फोटो सोबत जोडले आहेत.

शोधल्यावर कळले की चालले ते जुनेच सबरूटीन, कमी रिट्रॅक्ट उंचीचे, म्हणजे दोन भोकांमध्ये ड्रिल कमी वर उचलणारे. नवी फाइल सबरूटीन पाथमधल्या (सबरूटीन शोधायच्या फोल्डरांच्या यादीतल्या) फोल्डरमध्ये आहे, पण तिच्या नावात रोमन मोठी अक्षरे आहेत. कंट्रोल प्रोग्रामच्या कॉलमधले नाव लहान अक्षरांत करून फाइल शोधतो आणि लिनक्सला मोठे-लहान अक्षर वेगळे, त्यामुळे ती त्याला कधी सापडणारच नव्हती. नुसते नाव बदलूनही भागत नाही. जुनी प्रत प्रोग्राम प्रीफिक्सच्या, म्हणजे प्रोग्राम ठेवायच्या ठरलेल्या, फोल्डरमध्ये पडून आहे, आणि कंट्रोल आधी तिथे बघतो, मग सबरूटीन पाथमधले फोल्डर क्रमाने. पहिली सापडेल ती चालवतो. फाइल मुळीच नसती तर मशीन निदान थांबले असते.

ऑपरेटरने फाइल हलवली असेल, असे आपले इंजिनिअर फोनवर म्हणाले. हलवल्याने नावातली अक्षरे मोठी होत नाहीत, एवढे आम्हालाही कळते.

तरी माणूस पाठवून सगळी सबरूटीन्स एकाच फोल्डरमध्ये, लहान अक्षरांच्या नावाने ठेवावीत. जुन्या प्रती मशीनवरून काढाव्यात. आयएनआय फाइलमधले (कंट्रोलच्या सेटिंगच्या फाइलमधले) पाथ तपासून त्यांची लेखी यादी आणि पूर्ण बॅकअप पेनड्राइव्हवर द्यावा. काम झाल्यावर आमच्यासमोर स्पिंडल वर ठेवून ड्राय रन (प्रत्यक्ष न कापता चाचणी) घ्यावा. व्हिजिट चार्ज लावू नये, आणि ड्रिल व क्लँपची भरपाई पुढच्या बिलात वळती करावी.

पोळ्याला निम्मी मंडळी गावाकडे जातात, मशीन मोकळे असते, तेव्हा येतो असे कृपया सांगू नका. फ्लँजची डिलिव्हरी त्याआधीची आहे.

आपला,
भागीदार, मशीन शॉप
वाळूज, छत्रपती संभाजीनगर