राखीव फळी कुठे गेली?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलच्या (हाताने चेंडू फेकून-पळवून खेळायच्या तिकडच्या फुटबॉलच्या) बातम्या आता मराठी क्रीडापानांवरही चार ओळींत का होईना, दिसू लागल्या आहेत. पुण्यातल्या कितीतरी घरांतली मुलं तिकडच्या विद्यापीठांत शिकतात. पूर्व किनाऱ्यावर शनिवारी संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा सामना सप्टेंबर-ऑक्टोबरात इथे रविवारी पहाटे पाचला लावणारेही आहेत. पण बातमीचा सूर ठरलेला: बड्या संघांची सद्दी संपली, प्रशिक्षक बदला. हे निदान चुकीचं आहे, आणि ते ओक्लाहोमा विद्यापीठाच्या तीन हंगामांवरून दिसतं.

2023 मध्ये हा संघ बिग 12 कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या एका गटात, होता. 10 विजय, 3 पराभव. 1 जुलै 2024 ला टेक्सासबरोबर तो एसईसी या अधिक कठीण कॉन्फरन्समध्ये गेला आणि पहिल्याच हंगामात 6 विजय, 7 पराभवांवर आला. रणजीत प्लेट गटातून एलिट गटात जावं तसंच काहीसं. तुलना तंतोतंत नाही, बिग 12 दुबळी नव्हती. पण एसईसीत बहुतेक आठवड्यांत समोर तितक्याच वजनाची, तितकीच चपळ बचावफळी उभी असते. नियमित हंगामात 12 सामने, त्यातले तेव्हा 8 कॉन्फरन्सचे (2026 पासून 9). मार खाऊन अंग सावरायला मधे सोपा आठवडा क्वचितच मिळतो. त्या वर्षी ओक्लाहोमाचे पहिले पाच रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारे) एकाच वेळी जायबंदी होते. तरीही याच संघाने अलाबामाला 24-3 असं हरवलं आणि तो तिसरा पराभव अलाबामाला प्लेऑफबाहेर, म्हणजे विजेतेपदाच्या बादफेरीबाहेर, ठेवून गेला!

असे खेळाडू जायबंदी झाले की राखीव फळीने निभावून न्यायचं असतं. बड्या संघांची खरी ताकद तीच होती. संघाला 85 शिष्यवृत्त्या, आणि पंचतारांकित, म्हणजे शाळेतून सर्वोच्च मानांकन घेऊन आलेली, मुलंही दोन-दोन वर्षं बाकावर थांबायची, कारण कॉलेज बदललं की साधारणपणे एक वर्ष बाहेर बसावं लागे. एप्रिल 2021 मध्ये एकदा न थांबता कॉलेज बदलायची मोकळीक मिळाली. एप्रिल 2024 पासून अभ्यासात पात्र असेल तर कितीही वेळा. 1 जुलै 2021 पासून आपल्या नावा-प्रतिमेचे पैसेही घेता येतात. आता मुलाने लेखी कळवलं की कॉलेजला कामकाजाच्या दोन दिवसांत त्याचं नाव ट्रान्सफर पोर्टलवर (कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या यादीत) टाकावंच लागतं. मग इतर प्रशिक्षक त्याला थेट फोन करू शकतात. पृथ्वी शॉला मुंबईहून महाराष्ट्राकडे येताना ना हरकत प्रमाणपत्र लागलं. तिथे हरकत घ्यायची सोयच उरलेली नाही.

ओक्लाहोमाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) डिलन गॅब्रिएल 2023 नंतर ओरेगनला गेला आणि ओरेगनने पुढच्याच वर्षी बिग टेन कॉन्फरन्स जिंकली. त्याच्या जागी आलेला जॅक्सन अर्नोल्ड 2024 संपताच ऑबर्नला. मग वॉशिंग्टन स्टेटचा जॉन मटीर आणला. पॅक-12 कॉन्फरन्स फुटून जे दोनच संघ मागे उरले, त्यांपैकी वॉशिंग्टन स्टेट एक. 2025 मध्ये ओक्लाहोमाने नियमित हंगामात 10 सामने जिंकून प्लेऑफ गाठली. मुख्य प्रशिक्षक तेच, कॉन्फरन्स तीच.

इंडियानालाही बाहेरून आलेल्या खेळाडूंनी हात दिला, मात्र तिथे प्रशिक्षकही बदलले होते. 2023 मध्ये 3 विजय, 9 पराभव. 2025 मध्ये सोळाच्या सोळा सामने जिंकून विजेतेपद, क्वार्टरबॅक कॅलिफोर्नियाहून आलेला फर्नांडो मेंडोझा.

पराभवाची किंमतही बदलली. 2023 मध्ये चारच संघांची प्लेऑफ होती, आणि तेराही सामने जिंकून एसीसी कॉन्फरन्सची विजेती ठरलेली फ्लोरिडा स्टेट बाहेर राहिली. पुढच्या वर्षी 12 संघ झाले आणि नियमित हंगामात दोनदा हरलेली ओहायो स्टेट विजेती ठरली. म्हणून कठीण कॉन्फरन्समधल्या 10-2 ला सोप्या कॉन्फरन्समधल्या 11-1 पेक्षा कमी लेखू नये.

1 जुलै 2025 पासून कॉलेज खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी सगळ्या खेळांना मिळून सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. नव्या नियमात फुटबॉलचा चमू 105 चा. त्यात तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक सांभाळायचा की पहिल्या फळीतला लाइनमन (समोरच्यांना अंगाने रोखणारा) विकत घ्यायचा, हा हिशेब दर जानेवारीत नव्याने मांडावा लागतो.

तेव्हा एक विनंती. गुणतक्ता छापताना विजय-पराभवांशेजारी कॉन्फरन्सचं नाव आणि हरवलेल्यांपैकी किती संघांचे विजय पराभवांपेक्षा जास्त होते, एवढे दोन रकाने द्यावेत. आणि जानेवारीत पोर्टल बंद झालं की कोणत्या संघातून कोण गेलं, कोण आलं, याची यादी छापावी. निदान क्वार्टरबॅक आणि त्याचं रक्षण करणाऱ्या ऑफेन्सिव्ह लाइनपुरती.

आपला,
एक नियमित वाचक,
एरंडवणे, पुणे